दुसऱ्या गिअरातली सात वर्षं

आमच्या गाडीला टॉप गिअर पडत नाही, हे मी सात वर्षं लोकांना सांगत आले. शाळेतल्या बाया विचारायच्या, मुलींचे पालक विचारायचे, मागून हॉर्न वाजवत येणारे स्कूटरवाले तर मान वळवून विचारून जायचे. मी प्रत्येकाला तेच सांगायचे. जुनी विलायती गाडी आहे, गिअरबॉक्सचे दात गेलेत, पार्ट मिळत नाहीत. इतकं मन लावून सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, ते गेलेले दात मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेत. मी गणित शिकवत होते. सिद्ध झाल्याशिवाय काही मानू नका, असं फळ्यासमोर उभं राहून पोरींना रोज बजावत होते. स्वतः मात्र बाबांनी सांगितलेलं एक वाक्य गृहीत धरून बसले होते.

बाबा वकील होते. जिल्हा कोर्टात त्यांचं बरं चाललं होतं, आणि बदली होऊन गेलेल्या एका साहेबाची ती काळी, गोल नाकाची गाडी त्यांनी हौसेनं घेतली होती. तिचा गिअर स्टिअरिंगच्या खांबाला होता. पहिला, दुसरा आणि टॉप, एवढेच तीन. आज कोणाला सांगितलं तर हसतात, पण तेव्हा एवढ्यात सगळं नागपूर फिरून व्हायचं.

गाडी मला बाबांनीच शिकवली, कस्तुरचंद पार्कच्या मैदानावर. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. नऊवारीतल्या दोन म्हाताऱ्या आणि एक पानवाला असे प्रेक्षक पहिल्याच दिवशी जमले, दुसऱ्या दिवशी वीस-पंचवीस. एकजण बाबांना ओळखत होता. तो म्हणाला, "वकीलसाहेब, पोरीले गाडी शिकवून राहिले?"

बाबा म्हणाले, "मग? पोरीले पाय नाहीत का क्लच दाबायले?"

हे वाक्य बाररूममध्ये पोचलं, तिथून आमच्या नातेवाइकांत पोचलं, लग्नाच्या पंगतीत लोक ते मला पुन्हा पुन्हा ऐकवायचे. मला ते पुरून उरलं. माझं लग्न जमत नव्हतं, तेव्हाही मी मनात म्हणायचे, नसू दे, असा बाप किती जणींना असतो? मी त्या एका वाक्यावर किती वर्षं काढली, याचा आता राग येतो.

टॉप तेव्हा पडायचा. रविवारी सकाळी वर्धा रोडला गाडी काढली की विमानतळाच्या अलीकडे रस्ता मोकळा मिळायचा. दांडा ओढून टॉपमध्ये टाकला की इतका वेळ ओरडणारं इंजिन एकदम शांत व्हायचं आणि गाडी आपणहून पुढं पळायला लागायची. बाबा काच खाली करून हात बाहेर काढायचे. "आता कशी चालली वं!" म्हणायचे.

पुढं साखरेमुळं बाबांचे डोळे अधू व्हायला लागले. समोरचा माणूस दिसायचा, पण रस्त्याच्या कडेची सायकल दिसायची नाही. त्यांनी एक दिवस किल्ली माझ्या हातात दिली आणि पुन्हा मागितली नाही. मग रोजचं ठरून गेलं. प्रताप नगरातून साडेदहाला बाबांना कोर्टात सोडायचं, तिथून माझ्या शाळेत जायचं, साडेपाचला त्यांना परत आणायचं. दुपारी फायली चाळून झाल्या की ते कोर्टाच्या पायरीवर येऊन उभे राहायचे. आमच्या गाडीचा आवाज त्यांना फाटकापासून ओळखू यायचा.

अशात मे महिन्यात भंडारा रोडवरच्या मौद्याहून पत्र आलं. तिथं मुलींची नवी शाळा निघत होती. मुख्याध्यापिका म्हणून याल का, असं विचारलं होतं.

मी ते पत्र किती वेळा वाचलं, सांगता येत नाही. माझ्या शाळेत माझ्यापुढं सहाजणी होत्या, तिथं माझा नंबर म्हातारपणीच लागला असता. इथं तर कोरी शाळा. कोणत्या वर्गाला कोण शिकवील, गणित सातवीपासून कसं घ्यायचं, खेळाचा तास मुलींना कोणता द्यायचा, सगळं मी ठरवणार. मी वहीच्या मागच्या पानावर वेळापत्रकसुद्धा आखलं. अडचण एकच होती. शाळा सकाळी सातची, आणि नागपूरहून पहिली एसटी तिथं आठनंतर पोचायची. तिथंच खोली करून राहावं, तर आईला दमा होता, तिला रात्री-अपरात्री बाबांच्या अधू डोळ्यांच्या भरवशावर ठेवायला मीच तयार नव्हते. पण आमच्याकडे गाडी होती. सहाला निघायचं, सातच्या आत पोचायचं, दोनपर्यंत घरी. ही जमणारी गोष्ट होती.

बाबांना पत्र वाचून दाखवलं. ते उठून उभे राहिले. "जा," म्हणाले. "विचारायचं काय त्यात? मी कोर्टात रिक्षानं जाईन." दुसऱ्या दिवशी साऱ्या बाररूमला त्यांनी पेढे दिले.

आणि म्हणाले, "रोजचा भंडारा रोड आहे. गाडी एक डाव नीट पाहून घेऊ."

आमचा मिस्तरी जुना होता. बाबांनी त्याच्या भावाची केस लढवली तेव्हापासूनचा. फार कमी बोलायचा. त्याची एक पद्धत होती. जो नट तो कसायचा, जी पिन ठोकायचा, तिच्यावर हिरव्या ऑइल पेंटचा एक ठिपका ठेवायचा. मागून दुसऱ्या कोणी हात लावला तर रंग फुटलेला दिसतो, म्हणायचा. तो घरी येऊन गाडी घेऊन गेला आणि तिसऱ्या दिवशी परत घेऊन आला. मी लगेच चक्कर मारली. पहिला पडला, दुसरा पडला. टॉप टाकायला गेले तर दांडा मध्येच 'टक्' करून थांबला. पुन्हा टाकला, पुन्हा 'टक्'.

मिस्तरी स्वतःच्या चपलांकडे पाहत म्हणाला, "खोलून पाहिलं बाई. टॉपचे दात गेले. आज नाही तं उद्या जाणारच होते. पार्ट काही मिळत नाही याचा."

मी मान हलवली. बाईमाणसाशी बोलताना लाजतो बिचारा, असं वाटलं.

दुसऱ्या गिअरात मौदा गाठायचं म्हणजे काय, हे ज्यानं गाडी चालवली त्याला सांगायला नको. तरी बाबाच म्हणाले, "एक डाव जाऊन तं पाहू. आधीच काहून हार मानायची?" त्यांनी स्वतः एक पत्र्याचा डबा घासून काढला, तारेची कडी लावलेला, आणि नळाखाली धरून पाण्यानं काठोकाठ भरला. तो मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसले. पारडीच्या नाक्याबाहेर इंजिन किंचाळायला लागलं. पुढं थोड्या वेळानं बॉनेटमधून वाफ निघाली. बाबा उतरले, अंदाजानं चाचपत त्यांनी रेडिएटरमध्ये पाणी ओतलं, अर्धं त्यांच्या बुटांवर सांडलं. आणखी थोडं गेलो तर पुन्हा वाफ. मैलाचा दगड पाहिला, अर्धीसुद्धा वाट झाली नव्हती आणि पावणेआठ वाजले होते.

मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. बाबांनी त्यांचा रुमाल दिला. "असो वं," म्हणाले, "मशिनीपुढं कोणाचं चालते?"

नकाराचं पत्र त्यांनीच सांगितलं, मी लिहून घेतलं. वकिली भाषेतलं सुरेख पत्र होतं. 'वाहनाच्या नादुरुस्तीमुळे ही जबाबदारी स्वीकारण्यास मी असमर्थ आहे.' सही माझी होती.

त्यानंतर सात वर्षं मी दुसऱ्या गिअरात चालवली. पोरी मला मागून 'सेकंडवाली बाई' म्हणायच्या आणि मला ते ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. गावाबाहेर जायचं असलं, कोणाच्या लग्नाला कामठीपर्यंत का असेना, की बाबा न विसरता तो डबा भरायचे. मला त्याचं फार कौतुक वाटायचं. डोळे गेले तरी माझ्यासाठी पाणी भरतात, असं मी मैत्रिणींना सांगायचे.

मधूनमधून मी टॉप टाकून पाहायचे, हे मात्र कोणाला सांगितलं नव्हतं. रस्ता मोकळा असला, मन बरं असलं की दांडा ओढायचे. एखादे वेळी पडेल, असं वाटायचं. 'टक्' व्हायचं. मी चटकन परत दुसऱ्यात टाकायचे.

सातव्या वर्षी आमचा मिस्तरी वारला. बाबा काठी टेकत त्याच्या घरी जाऊन आले. आणि त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, भाजी घेऊन येताना दांडा अडकला. पहिल्यातून निघाला, पण दुसऱ्यात जाईना. घराजवळच्या चौकात नवं गॅरेज निघालं होतं. मी गाडी पहिल्या गिअरात टाकून रांगत रांगत तिथं नेली.

हा मिस्तरी माझ्याहून लहान, तिशीच्या आतला, बोलका. तो पोतं टाकून गाडीखाली गेला. बराच वेळ नुसता दिवा हलताना दिसला. मग आतून आवाज आला.

"बाई, तुम्ही जरा खाली येऊन पाहता का?"

"काय झालं?"

"या तं सही."

मी पदर खोचला, दुसरं पोतं मागितलं आणि आडवी होऊन खाली सरकले. रस्त्यानं जाणारे थांबले असतील, मला कस्तुरचंद पार्कची सवय होती.

गिअरबॉक्सच्या बाजूला लोखंडाचा एक चपटा दांडा होता. त्यावर दिवा धरून तो म्हणाला, "हा सेकंड अन् टॉपचा. मागं सरकला का सेकंड, पुढं सरकला का टॉप. आता याच्या पुढं पाहा, काय आहे?"

"पिन."

"हां. अन् ही पिन इथं असायलेच नाही पाहिजे. कंपनीनं इथं भोकच नाही देलं. कोणीतरी दांड्यासमोरच्या या लोखंडी पट्टीत भोक पाडलं, लेथवर पिन बनवली अन् ठोकली. दांडा पुढं गेला का पिनेवर आपटते. आपटून आपटून दांड्याले खाच पडली, त्या खाचेत आज तो फसला."

ती खाच मी पाहिली. बोटाचं पेर मावेल एवढी होती. मी टॉप टाकून पाहिल्याचा प्रत्येक 'टक्' तिथं जमा झाला होता.

"कशासाठी पण?" मी विचारलं.

"टॉप पडू नये म्हणून. अजून कायच्यासाठी? नवीन ड्रायव्हर ठेवला का शेठ लोक असंच करून घेतात. गाडी पळवू नये, दूर नेऊ नये म्हणून. तुमच्याकडं ड्रायव्हर होता का?"

"आहे," मी म्हटलं. "मी."

तो हसला. मग माझ्याकडे पाहून हसायचा थांबला.

"आणि टॉपचे दात?"

"दात कुठं गेले? मी हातानं गिअर फिरवून पाहिले बाई. मक्खन आहे."

मी त्याच्या हातातला दिवा घेतला आणि पिनेच्या जवळ नेला. तेलाच्या काळ्या थरावर नख फिरवलं. खालून हिरवा रंग निघाला. न फुटलेला, गोल ठिपका.

तिथं पोत्यावर पडल्या पडल्या मला सगळं एकदम समजलं नाही. आधी वाटलं, म्हाताऱ्या मिस्तरीनं काहीतरी चूक केली असेल. मग वाटलं, त्याला काय पडलंय? त्याच्या पदरात काय पडणार होतं माझ्या टॉप गिअरातून? तो सांगितल्याबाहेर एक नटसुद्धा फिरवणारा माणूस नव्हता. त्याला सांगणारा माणूस आमच्या घरात एकच होता. पत्र आलं त्याच आठवड्यात गाडी गेली होती. 'एक डाव नीट पाहून घेऊ.'

"काढा ती," मी म्हटलं.

काढा म्हणणं सोपं होतं. पिनेच्या वरच्या अंगाला चपटी टोपी दिसत होती, चौकोनी पट्टीवर बसलेली. टोपी वर म्हणजे पिन वरून ठोकली असणार, असं मिस्तरीनं धरलं. त्यानं घासलेट सोडलं, पाच मिनिटं थांबला, मग खालून सुंबा लावून हातोडीचे घाव घालायला लागला. सुंबा म्हणजे पिन मागून ढकलायची बोटभर जाड सळई. पंधरा-वीस घाव घातले. पिन तसूभर हलली नाही. ब्लोलॅम्प पेटवून पट्टी लाल केली, पुन्हा घाव. सुंब्याचं टोक फुटलं. त्याच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता.

"सोडा बाई," तो म्हणाला. "दांड्याची खाच घासून देतो. सेकंड पडन. घरी जासान आरामात."

सेकंड पडेल. घरी जाल आरामात. मला असा संताप आला की मी त्या बिचाऱ्यावर ओरडले. "सेकंड नको आहे मला! ती पिन काढल्याशिवाय मी इथून हलणार नाही!"

त्यानं हातोडी खाली ठेवली. मग मी पर्स उघडली. दुसऱ्या दिवशी भूमिती होती, कंपासपेटी पर्समध्येच होती. त्यातला कर्कटक घेऊन मी पुन्हा खाली गेले आणि पिनेची जाडी मोजली. टोपीच्या खाली वरच्या अंगाला एकदा, पट्टीच्या खालच्या अंगाला एकदा. तेच अंतर ठेवून कर्कटक खालून वर नेला. खाली टोकं पिनेला घट्ट भिडत होती. वर फट राहत होती.

"ही निमुळती आहे," मी म्हटलं. "जाड बाजू खाली आहे. पिन खालून ठोकलीय, आणि वरचं बारीक टोक बाहेर आल्यावर ते चेपून टोपी केलीय. तुम्ही खालून मारता तसतशी ती आणखी घट्ट बसतेय."

त्यानं कर्कटक घेऊन स्वतः पाहिलं. "अरे बाप्पा," म्हणाला. "निघूच नये अशी बसवली हो कोणी!"

हे वाक्य त्यानं मिस्तरीच्या कौतुकानं म्हटलं होतं. मला ते बाबांच्या आवाजात ऐकू आलं.

मग कामाला लागलो. वरची टोपी कानशीनं घासून सपाट करायला अर्धा तास गेला. वरून हात पोचत नव्हता, म्हणून बॉनेट उघडून इंजिनाच्या फटीतून एक लांब सळई खाली सोडली. तो खाली पडून सळईचं टोक पिनेवर धरून बसला, आणि वरून घाव घालायला मी उभी राहिले. "जोरात मारा बाई, माझ्या हाताची फिकीर करू नका," तो खालून म्हणाला. पहिला घाव भीत भीत घातला. दुसरा बरा बसला. नंतर मी मोजणं सोडलं. माझं कुंकू घामानं नाकावर आलं होतं, बांगडी फुटून मनगटाला लागली होती. मी रडत होते की नाही, आठवत नाही. एका घावाला आवाज बदलला. त्यानंतरच्या घावाला खालून तो ओरडला, "निघाली, निघाली!"

पिन करंगळीएवढी होती. घावांनी गरम झाली होती. मी ती रुमालात गुंडाळली.

सरळ घरी गेले नाही. वर्धा रोडला वळले. सात वर्षांनी दांडा ओढला. 'टक्' झालं नाही. दांडा पुढं गेला, इंजिन शांत झालं, गाडी पळायला लागली. मला आनंद व्हायला हवा होता. मला मौद्याच्या शाळेचं ते वहीच्या मागच्या पानावरचं वेळापत्रक आठवलं, पहिला तास, दुसरा तास, मधली सुट्टी. मी खापरीपर्यंत गेले आणि वळले.

येताना वाटेत मी उलटतपासणी तयार केली. बाबांची मुलगी होते, प्रश्न कसे विचारायचे ते ठाऊक होतं. आधी तारीख विचारायची, मग मिस्तरीचं नाव काढायचं, मग रुमाल उघडायचा. पुरावा शेवटी ठेवायचा असतो.

बाबा व्हरांड्यात आरामखुर्चीत बसले होते. मी गल्लीत मुद्दाम टॉपमध्येच शिरले, फाटकाशी आल्यावर ब्रेक दाबला. मी गाडी बंद करून दार उघडलं. त्यांनी मान माझ्या दिशेनं वळवली.

"पिन निघाली वाटते," ते म्हणाले.

मी पायरीवर बसले.

"काहून, बाबा?"

"भंडारा रोडवर ट्रक कसे चालतात, तुले माहीत आहे. रोज जाणं, रोज येणं. मले झोप लागली नसती."

"मग नाही म्हणायचं होतं. मी ऐकलं असतं."

"ऐकलं असतं," ते म्हणाले. "म्हणून तं तसं म्हटलं नाही. मी नाही म्हटलं असतं तं लोकांत माझं काय राहिलं असतं? मी तुले गाडी शिकवली म्हणून सारे मले मानत होते." त्यांनी डोळे चोळले. "अन् तेव्हा डोळे जाऊन राहिले होते. तू सकाळीच गेली असती तं मी कोर्टात कसा गेलो असतो? रिक्षातून उतरलो का पायरी कुठं आहे ते समजत नव्हतं मले."

हे त्यांनी तेव्हा सांगितलं असतं, तर मी स्वतःच मौद्याचं पत्र फाडलं असतं. आनंदानं फाडलं असतं. त्यांनी मला तेवढंसुद्धा करू दिलं नाही. मला मोठेपणा मिळू नये म्हणून नव्हे, त्यांचा मोठेपणा कमी होऊ नये म्हणून. मोकळ्या मनाचा बाप हे नावही हवं होतं आणि दारात ड्रायव्हरही. मग माझे अश्रू पुसायला रुमालही त्यांनीच दिला. हे सगळं मी त्यांना तोंडावर म्हटलं. ते ऐकत राहिले, हरकत घेतली नाही.

आई दारात उभी होती. "पुरे कर वं आता," म्हणाली. "म्हातारा माणूस आहे."

तिच्या आवाजात आश्चर्य नव्हतं. मी वळून विचारलं, "तुले ठाऊक होतं?"

"मले नंतर समजलं."

"किती नंतर?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "पोळ्याच्या सुमारास."

मौद्याची जागा त्या वर्षी दिवाळीपर्यंत रिकामी होती. मला ते माहीत होतं, आईलाही माहीत होतं. मीच तिला सांगितलं होतं.

पुढचे पाच दिवस बाबा कोर्टात रिक्षानं गेले. मी त्यांच्याशी बोलले नाही. शेजाऱ्यांना वाटलं, गाडी बिघडली. शुक्रवारी ते घरी आले तेव्हा कोटाच्या कोपराला माती लागलेली होती. पडलात का, असं मी विचारलं नाही. रात्री आईनं तो कोट झटकला.

शनिवारी पहाटे मी अंघोळ करून तयार झाले आणि बाबांना म्हटलं, "चला."

"कुठं? आज तारीख नाही."

"गावाबाहेर जायचं आहे."

ते उठले. मी गाडी काढेपर्यंत त्यांनी चाचपत मोरीतून तो पत्र्याचा डबा आणला होता आणि नळाखाली धरून काठोकाठ भरला होता. डबा मांडीवर घेऊन ते माझ्या शेजारी बसले. आईनं फाटक उघडलं.

पारडीचा नाका ओलांडला आणि मी टॉप टाकला. बाबांनी एका हातानं डबा धरला, दुसऱ्या हातानं डॅशबोर्डाची कड. कुठं चाललो हे त्यांना रस्त्याच्या वळणांवरून समजलं असणार. मागच्या खेपेला जिथं वाफ निघाली होती ती जागा मागं पडली. नंतर तो मैलाचा दगड. ट्रक येत होते, जात होते, प्रत्येक ट्रकला बाबांचे खांदे आकसत होते. मौद्याच्या आधी कन्हान नदीचा पूल लागला तेव्हा खाली पाण्यावर धुकं होतं.

शाळा रस्त्याला लागूनच होती. पिवळ्या भिंतींची, कौलारू. रिबिनी बांधलेल्या मुली फाटकातून आत चालल्या होत्या, आणि पायरीवर एक बाई घड्याळाकडे बघत उभ्या होत्या. मी गाडी समोर लावली.

"पोचलो का?" बाबांनी विचारलं.

"पोचलो. सातला दहा कमी आहेत."

घंटा झाली. आत प्रार्थना सुरू झाली. बाबा त्या आवाजाकडे कान देऊन बसले होते. त्यांना भिंती दिसत नव्हत्या, मुली दिसत नव्हत्या, एवढं मला समजत होतं. प्रार्थना संपली तेव्हा त्यांनी डबा थोडा उचलून माझ्याकडे केला.

"रेडिएटरमध्ये पाणी टाकून घे वं. तापलं असन."

"नाही तापलं, बाबा. टॉपमध्ये तापत नाही."

त्यांनी डबा परत मांडीवर ठेवला. मी गाडी वळवली. परत येताना प्रत्येक खड्ड्याला त्यातलं पाणी हिंदकळून त्यांच्या धोतरावर सांडत होतं. खाली ठेवा, असं मी घर येईपर्यंत म्हटलं नाही.